नागपूरहून क्रूझला निघालात? सकाळी दहाला बंदरावर जाऊ नका

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग करून देताना आमच्या एजंटने दिलेला सल्ला जसाच्या तसा लिहितो. "सकाळच्या दुरांतोने उतरा, दहा वाजता गेटवर हजर राहा, पहिला नंबर लावा. खोली लगेच मिळते, बारा वाजता जेवायला बसता तुम्ही." धरमपेठेतल्या त्याच्या एसी ऑफिसात चहा पिता पिता हे ऐकायला फार छान वाटलं. यातलं एकही वाक्य खरं निघालं नाही. पुढे रांगेत उभं असताना कळलं की अकोल्याच्या, नाशिकच्या, इंदूरच्या लोकांनाही त्यांच्या त्यांच्या एजंटने हेच सांगितलं होतं. सगळ्यांना पहिला नंबर लावायचा होता आणि म्हणून सगळे एकाच वेळी तिथे.

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. मुंबईत आदल्या दिवशी पोहोचा. बंदरावर दुपारी एक ते दोनच्या मध्ये पोहोचा. आमचं जहाज संध्याकाळी पाचला सुटणार होतं, त्या हिशेबाने हे सांगतोय. तुमची वेळ वेगळी असेल तर सुटण्याच्या तीन-चार तास आधी धरा. शहरात लवकर पोहोचणं आणि गेटवर लवकर पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा फायदाच फायदा आहे, दुसरीचा काडीचा नाही.

कारण साधं आहे. ज्या जहाजात आपण दुपारी चढणार, तेच जहाज त्या दिवशी सकाळी आधीचे प्रवासी घेऊन परत आलेलं असतं. दहा वाजता ते लोक सामानासकट उतरून राहिलेले असतात, त्यांना न्यायला आलेल्या गाड्या बाहेर खोळंबलेल्या असतात, वर शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या असतात आणि पुढच्या फेरीचा भाजीपाला-किराणा चढवायचा असतो. तुम्ही सहाला या की दहाला, खोली दुपारी दीड-दोनच्या आधी उघडत नाही. एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही लवकर निघालात की "उशीर झाला" हे खापर त्याच्यावर फुटत नाही, एवढंच त्याला पाहायचं असतं.

आता टॅक्सी. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण पैसे आणि डोकं दोन्ही तिथेच गेलं.

सीएसएमटीपासून क्रूझ टर्मिनल फार लांब नाही. बॅलार्ड इस्टेट, तिथलं ग्रीन गेट, आणि आत बॅलार्ड पिअरवर टर्मिनल. दीड किलोमीटरच्या आसपासचा मामला. दक्षिण मुंबईत ऑटो चालत नाहीत, हे आपल्याकडच्या नव्या माणसाने आधी लक्षात ठेवावं. टॅक्सीच करावी लागते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे. म्हणजे मीटर टाकला तर पन्नासच्या आत काम व्हायला पाहिजे. स्टेशनबाहेरच्या पहिल्या माणसाने पाचशे सांगितले. दुसऱ्याने बॅगा पाहिल्या, आईकडे पाहिलं, आणि तीनशेवर आला. मीटर म्हटल्यावर मान फिरवली. जवळचं भाडं कुणालाच नको असतं, आणि चार चाकांच्या बॅगा घेतलेलं कुटुंब पायी जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

बरं, तीनशे तर तीनशे. "क्रूझ टर्मिनल" सांगितलं. "क्रूझ ना? मालूम है," म्हणाला आणि निघाला तो थेट पी. डिमेलो रोडने उत्तरेकडे. थांबलो तेव्हा समोर भाऊचा धक्का. मांडव्याची रो-रो बोट सुटते ती जागा. सकाळची वेळ, मासळीच्या पाट्या उतरत होत्या, फोडलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि त्यात आमच्या नव्याकोऱ्या बॅगांची चाकं. त्याच्या लेखी जहाज म्हणजे भाऊचा धक्का, आणि अगदीच चूक म्हणता येत नाही. कोकणच्या बोटी पूर्वी तिथूनच सुटायच्या, आणि २०१८ मध्ये मुंबई-गोवा जहाज सुरू झालं तेही त्याच बाजूच्या पर्पल गेटमधून. पण आपलं मोठं जहाज तिथे लागत नाही. हे त्याला समजावल्यावर त्याने परत फिरायचे आणखी तीनशे मागितले. आई म्हणाली, "दे बावा, इथून बाहेर काढ पहिले." दिले. एकतीस रुपयांच्या वाटेचे सहाशे.

म्हणून टॅक्सीत बसण्याआधी "ग्रीन गेट, बॅलार्ड इस्टेट" एवढेच शब्द बोला. "क्रूझ" म्हणू नका, "बंदर" म्हणू नका, "डॉक" तर नाहीच नाही. मुंबई बंदराला रंगांच्या नावांची अनेक गेटं आहेत आणि ड्रायव्हर त्यातलं त्याच्या सोयीचं निवडतो. मोबाइलवर नकाशा चालू ठेवा. सीएसएमटीवरून निघालेली टॅक्सी भाऊच्या धक्क्याच्या दिशेने जायला लागली की तिथल्या तिथे थांबवा. ॲपची गाडी मिळत असेल तर तीच घ्या. गेटचा नेमका ठिपका टाकून पाठवता येतो, वाद होत नाही. आणि तुमच्याकडे पाठीवरची एकेक सॅकच असेल तर सरळ चालत जा. बॅलार्ड इस्टेटचे रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, टॅक्सीवाल्याशी भांडण्यापेक्षा बरं.

दहाला पाच कमी असताना ग्रीन गेटवर पोहोचलो. गेटवरच्या जवानाने बोर्डिंग पास पाहिला, त्यावरचा स्लॉट, म्हणजे आत सोडायची ठरवून दिलेली वेळ, पाहिला, बारा वाजताचा, आणि हाताने बाजूला व्हायची खूण केली. वाद घालण्यात अर्थ नव्हता, तो त्याचं काम करत होता. बसायला जागा नाही. सावली आहे ती भिंतीलगत हातभर, आणि तीत आमच्या आधी आलेली मंडळी. आपण नागपूरची माणसं, ४५ अंशांत लग्नं लावतो, मुंबईच्या उन्हाला काय घाबरायचं, असं मलाही वाटायचं. आपलं ऊन भाजतं, पण सावलीत गेलं की सुटका होते. तिथला दमटपणा सावलीतही सोडत नाही. अर्ध्या तासात शर्ट पाठीला चिकटला. आई बॅग आडवी करून तिच्यावर बसली आणि दर दहा मिनिटांनी विचारायची, "काहून उभं करून ठेवलं रे आपल्याला? पैसे भरले ना?" उत्तर देणार काय? व्हीलचेअर मागितली तर ती आधी कळवावी लागते असं कळलं. घरात गुडघ्याचं माणूस असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारा.

बारा वाजता आत सोडलं आणि मग खरी रांग सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं हे नवं टर्मिनल झकपक आहे, चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत असं छापून आलं होतं. असतील. आम्ही गेलो तेव्हा माणसं बसलेले काउंटर मी बोटांवर मोजले. सामान द्यायची रांग, तपासणीची रांग, ओळखपत्राची रांग, फोटोची रांग. तपासणीत बायकोने बांधून घेतलेला संत्रा बर्फीचा डबा निघाला आणि बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून ठेवून घेतला. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, दारू हेही जाऊ देत नाहीत, ते घरीच ठेवा. ओळखपत्र मूळ लागतं, मोबाइलमधला फोटो दाखवून तिथे एक कुटुंब ताटकळत होतं.

सामानाचं एक नीट समजून घ्या. मोठ्या बॅगा खालीच घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी येतात संध्याकाळी. आमच्या हमालाने घाईघाईत आईची हातातली पिशवीही बॅगांच्या ढिगात ओढून घेतली. तीत बीपीच्या गोळ्या. मिळाली तेव्हा जहाज सुटून गेलं होतं आणि मधले तास मी काउंटर ते काउंटर फिरत होतो. गोळ्या, चष्मा, चार्जर, एक जोड कपडे आणि पोरांचे पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत, आणि ती पिशवी कोणाच्याही हातात द्यायची नाही. बॅगेला लावायचे टॅग घरूनच छापून, प्लास्टिकमध्ये घालून न्या. तिथे एका स्टेपलरभोवती दहा माणसं होती.

आम्ही वर पोहोचलो दोनच्या सुमारास. खोली नुकतीच उघडली होती. जेवणाच्या हॉलमध्ये प्लेट घेऊन फिरत असताना आमच्याच डब्यातून आलेलं नागपूरचं एक जोडपं दिसलं. स्टेशनवर भेटलो होतो, तेव्हा "आम्ही आरामात येतो, तुम्ही व्हा पुढे" म्हणाले होते. त्यांनी सामान सीएसएमटीच्या अमानती घरात टाकलं होतं, समोर पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी खाल्ली, फोर्टात फेरफटका मारला, दीडला गेटवर आले आणि वीस मिनिटांत वर. कपाळावर घामाचा थेंब नाही! मला बोलवेना.

तेव्हा हे असं करा. वेब चेक-इन एजंटवर सोडू नका. ते उघडलं की लगेच स्वतः करा आणि एक किंवा दीडचा स्लॉट घ्या. चांगले स्लॉट आधी संपतात. आमच्या एजंटने ते शेवटपर्यंत लांबवलं आणि उरलेल्यांतला बाराचा स्लॉट गळ्यात मारला. मधला वेळ अमानती घराच्या भरवशावर फोर्टात काढा, फक्त बॅगेला कुलूप पाहिजे, नाहीतर तिथे घेत नाहीत. दुपारचं जेवण बाहेर करायचं असेल तर बॅलार्ड इस्टेटमध्येच १९२३ सालापासूनचं ब्रिटानिया आहे, तिथला बेरी पुलाव खा. पण मग जहाजावरचं, आधीच पैसे भरलेलं जेवण बुडतं. नागपूरकराने काय करावं ते त्याचं त्याने ठरवावं.

पण आरामात म्हणजे चारला नव्हे. पाचचं जहाज पाचला सुटतं म्हणून साडेचारला गेलं तरी चालेल, असा हिशेब रेल्वेचा, इथे चालत नाही. चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि ती वेळ पासवर छापलेली असते. ती पाहा, सुटायची पाहू नका. प्रवाशांची यादी पक्की करून द्यावी लागते, आणि सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर सगळ्यांना संकटकाळची कवायत करावीच लागते. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडलं, त्यानंतर हा नियम कडक झाला. त्याआधी चढल्यापासून चोवीस तासांत कधीही कवायत घेतली तरी चालायचं. एका माणसासाठी जहाज थांबत नाही. "नाहीतर गोव्यात चढवून घेऊ" असं एजंट म्हणाला तर ते लेखी मागा आणि त्याचा चेहरा पाहा.

आता नागपूर ते मुंबई. त्याच दिवशी सकाळी उतरायचा बेत कोणी सांगितला तर ऐकू नका. विदर्भ एक्स्प्रेस सातच्या आसपास सीएसएमटीला पोहोचते, दुरांतो आठच्या सुमारास, कागदावर भरपूर वेळ दिसतो. आमची दुरांतो वेळेवर आली. पण ८०० किलोमीटरच्या वर अंतर, मध्ये कसारा घाट, कल्याणनंतर लोकलच्या गर्दीत घुसायचं. एखाद दिवशी गाडी चार तास लटकली की तुमचे चार जणांचे पैसे समुद्रात. सेवाग्रामने तर त्याच दिवशी मुळीच जाऊ नका, तिला मुंबई गाठायलाच दुपार होते. आदल्या रात्रीच्या लॉजचे दोन-तीन हजार जड वाटतात हे मान्य, पण क्रूझच्या तिकिटापुढे ती रक्कम काय आहे? फोर्टात किंवा स्टेशनच्या आसपास राहा. नवी मुंबईत नातेवाईक आहेत म्हणून तिकडे जाल तर सकाळी पुन्हा तोच घोर.

विमानाने जाणाऱ्यांनाही हेच. हिवाळ्यात धुकं पडलं की सकाळच्या विमानांचं काही खरं नसतं. उतरल्यावर मात्र आता टॅक्सीच्या नादी लागू नका. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालते, दोन्ही टर्मिनलवरून थेट सीएसएमटी, तिकीट सत्तर रुपयांच्या आत.

समृद्धीवरून गाडीने जायची कल्पना डोक्यातून काढून टाका. ७०१ किलोमीटर आहे, जून २०२५ पासून आमण्यापर्यंत पूर्ण उघडला आहे, सगळं खरं. पण आमणे म्हणजे मुंबई नव्हे. तिथून भिवंडी आणि ठाण्याची कोंडी तुमची वाट पाहत असते. शिवाय एकटक सरळ रस्त्यावर रात्रभर गाडी हाकून माणूस जहाजावर झोपतोच. आणि परत येईपर्यंत गाडी ठेवणार कुठे?

जहाजावरचे दिवस चांगले गेले. जेवण भरपूर, समुद्र शांत, पोरगी खूश. उलटीची गोळी मात्र जवळ ठेवा, आम्हाला लागली नाही.

परतीचं थोडक्यात. जहाज सकाळी लागतं, पण तुमच्या मजल्याचा नंबर येईपर्यंत नऊ-दहा वाजतात, त्यामुळे दुपारचं विमान घेऊ नका. रात्रीची दुरांतो घ्या, बॅगा पुन्हा अमानती घरात टाका. आणि ग्रीन गेटमधून बाहेर पडताच पाच-सहा टॅक्सीवाले अंगावर येतील, त्यांना तुम्ही सीएसएमटीला जाणार हे तोंडावरूनच कळतं. आम्हाला चारशे सांगितले. गेट सोडून दोन चौक पुढे चालत गेलो, मीटरवाली टॅक्सी मिळाली, आणि बिल झालं एकतीस रुपये.