नोंद ६ : चूक कळवायची, नाव पुसायचं

गेल्या रविवारी चोडणच्या मित्राचा सकाळीच फोन. "तुझा एजंट म्हणाला साडेसहाला ओहोटी. तिसऱ्या (शिंपले) काढायला टोपली घेऊन उतरलो, तर पाणी कमरेच्या वर!"

एजंट म्हणजे एआय मदतनीस; माहिती हवी असली की तो 'टूल' नावाचा छोटा प्रोग्राम वापरतो. त्याचा लॉग उघडला. सगळं हिरवं. एचटीटीपी २००, म्हणजे विनंती पोचून उत्तर आलेलं. एमसीपीच्या (एजंट आणि टूल यांच्या बोलण्याची ठरलेली पद्धत) उत्तरात इज-एरर फॉल्स, म्हणजे चूक नाही. वेळही नीट लिहिलेली. ती वेळ मुरगावच्या छापील भरती-तक्त्याशी ताडली, तेव्हा उलगडा झाला. टूल वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देत होतं, पण ती कुठली वेळ ते पुढे लावत नव्हतं, आणि एजंटने त्या इथल्याच धरल्या. साडेपाच तासांचा फरक. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटी व्हायला साधारण सव्वासहा तास जातात, म्हणजे उत्तर जवळजवळ उलटंच. टूल बंद पडलं असतं तर एजंटने निदान तसं सांगितलं तरी असतं. इथे त्याने खात्रीने चुकीचं सांगितलं आणि माणूस पाण्यात उतरला.

मला जास्त लागलं ते पुढचं. हे टूल आमच्या सातजणांच्या गटातल्याच एकाने फुकट लिहून दिलंय. चौकशी केली तर आणखी दोघांना वेळा आधीच विचित्र वाटल्या होत्या. बोलले नाहीत. "एवढं करून दिलंय बिचाऱ्याने, त्याला काय नावं ठेवायची?" गोव्यात बाजारात, देवळात, लग्नात तीच माणसं पुन्हा भेटतात. हा संकोच मला समजतो. म्हणून निनावी रिपोर्टर, म्हणजे टूलची चूक नाव न सांगता ते लिहिणाऱ्याला कळवायची सोय, याच आठवड्यात पुरा करायला घेतला.

पहिल्या आवृत्तीत मी सगळंच पुसलं: वेळा, जागा, मजकूर. मग रविवारची चूक त्यातून घातली. बाहेर आलं, "टूल : भरती. निकाल : चुकीचा." हे वाचून टूल लिहिणाऱ्याने करायचं काय? आता मूळ आकडे पाठवत नाही, फक्त त्यांतला फरक पाठवतो: "उणे ३३० मिनिटं". हा ३३० बघितला की आपल्याकडच्या कुणालाही कारण समजवावं लागत नाही, आणि कोण, कुठे, कधी उतरला ते त्यात कुठेच नाही.

जागेचं मात्र जमलं नाही. अक्षांश-रेखांश एका दशांश स्थळापर्यंत गोल केले की चौकोन साधारण ११ किलोमीटरचा होतो. मोठ्या शहरात तेवढ्यात लाखो लोक मावतात. आमच्या बाबतीत त्यात एजंट वापरणारा एकच माणूस असतो. जागा काढूनच टाकली.

आयपी पत्त्याचा (इंटरनेटवरच्या पत्त्याचा) हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला ठसा, ठेवून पाठवणारे मोजत होतो, तेही काढलं. आयपीव्ही४ चे सगळे पत्ते मिळून साधारण ४३० कोटी. साधा संगणकही ते एकेक करून हॅश करून मूळ पत्ता शोधतो. त्याऐवजी पाठवणाऱ्याच्या मशीनवर तयार होणारं, दर महिन्याला बदलणारं यादृच्छिक टोकन, म्हणजे नावाऐवजीचा कोड, वापरतो. माझ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ॲक्सेस लॉग (कोण कधी आलं त्याची नोंद) बंद केलाय. एजंटने मोकळ्या मजकुरात कारण लिहिण्याची सोयही काढली, कारण त्यात वापरणाऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा उतरायचा. शिवाय तो मजकूर उद्या दुसरा एजंट वाचणार, आणि त्यात कुणी सूचना पेरली तर तो ती पाळूही शकतो. आता ठरलेल्या यादीतून कारण निवडायचं.

अडलंय ते तीनच्या नियमावर. तीन वेगळी टोकनं जमेपर्यंत तक्रार लेखकाला दाखवायची नाही, हे सातजणांत नाव झाकायला हवंच. पण मग एकालाच सापडलेली चूक तशीच पडून राहते.

इथे मला नासाची एएसआरएस आठवते, वैमानिकांनी आपल्या चुका गुप्तपणे कळवायची व्यवस्था. डिसेंबर १९७४ मध्ये टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं विमान ५१४ किती खाली उतरायचं याच्या गैरसमजातून व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान तशाच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं, पण ती गोष्ट त्या कंपनीच्या वैमानिकांपलीकडे पोचली नव्हती. १९७६ मध्ये एएसआरएस सुरू झाली. तिथे काही विचारायचं असेल तर विश्लेषक आधी वैमानिकाला फोन करतात. मग फॉर्मवरची नाव-पत्त्याची पट्टी त्यालाच परत पाठवली जाते. एकट्याचीही तक्रार वाया जात नाही.

मीही तशीच पावती करतोय. तक्रारीबरोबर एक यादृच्छिक क्रमांक निघतो आणि तो फक्त पाठवणाऱ्याकडे राहतो. टूलवाल्याचा प्रश्न असेल तर मी तो त्या क्रमांकाखाली ठेवायचा. पाठवणारा हवं तेव्हा बघेल, वाटलं तर उत्तर देईल. क्रमांक आणि प्रश्नाची पेटी चालू झाली. उत्तराची वाट अजून अर्धी आहे, कारण उत्तर लगेच आलं की त्या वेळी कोण जागं होतं ते सातजणांत ओळखू येतं. काही तासांचा यादृच्छिक उशीर घालून बघतोय.

भरतीच्या टूलला काल तिसरं टोकन मिळालं. रात्रीच वेळेच्या शेवटी +०५:३० आलं.