भोंग्यांपासून पहिल्या अल्बमपर्यंत : आमची वाटचाल

जालन्यात वडिलांनी हा व्यवसाय सुरू केला तेव्हा दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि भाड्याची हातगाडी एवढेच भांडवल होते. हरिनाम सप्ताह, लग्ने आणि निवडणुकीच्या सभा यांवर घर चालत असे, आणि आवाज शेजारच्या गावापर्यंत गेला म्हणजे काम चांगले झाले, असे मानले जाई. पुढे आम्ही छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, ध्वनिमुद्रणाची एक खोली उभी केली. तेथेही प्रचारगीते आणि मंगलाष्टके यांचेच काम अधिक होते. त्यामुळे परभणीचा एक तरुण स्वतः लिहिलेली आठ पॉप गाणी घेऊन आला, तेव्हा त्याला दर काय सांगावा, हे आम्हाला सुचेना.

मुद्रण मे महिन्यात झाले, ही आमची पहिली चूक. एसीची घरघर माईक टिपतो, म्हणून तो प्रत्येक टेकच्या आधी बंद करावा लागे; खोली तापली की गिटारच्या तारा उतरत आणि एसी लावला की चढत, त्यामुळे गाण्यापेक्षा सूर जुळवण्यातच अधिक वेळ जाई. अखेरीस आम्ही रात्री अकरानंतर काम करू लागलो.

करार मात्र पहिल्याच दिवशी लिहून घेतला. प्रताधिकार कायद्यानुसार जो पुढाकार आणि जबाबदारी घेऊन मुद्रण करवतो तो त्याचा निर्माता ठरतो. खर्च आणि पुढाकार दोन्ही त्या तरुणाचे असल्याने मूळ मुद्रणाचा हक्क त्याचाच राहील आणि आम्ही केवळ मोबदला घेऊ, असे त्यात नमूद केले. यावर आमच्या धाकट्या भावाने बरीच कुरकुर केली. अल्बम गाजला तर आपल्या हाती काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता, तरी माझे मत बदलले नाही.

अल्बमचे प्रकाशन मैफलीतच करायचे ठरले, कारण ऑनलाइन ऐकण्यातून नव्या गायकाला मिळणारी रक्कम फार थोडी असते आणि तिकिटाचे पैसे त्याच रात्री हाती येतात. शहरातील ज्या नाट्यगृहात कार्यक्रम होता, तेथे मागच्या रांगांत शब्द स्पष्ट ऐकू येत नसत. आम्ही रंगमंचापासून वीस मीटरवर आणखी दोन स्पीकर लावले आणि त्यांना सुमारे ५८ मिलिसेकंदांचा विलंब दिला, कारण हवेतून ध्वनीला तेवढे अंतर कापण्यास तेवढाच वेळ लागतो. एरवी जवळच्या स्पीकरमधून शब्द आधी येतो, रंगमंचावरचा मागून पोहोचतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. सप्ताहात गावभर टांगलेल्या भोंग्यांतून कीर्तन ऐकताना शब्दावर शब्द चढतो तो याच कारणाने, हे वडिलांना त्या रात्री प्रथमच सांगितले. ते म्हणाले, ‘‘मग इतकी वर्षं लोक ऐकत तरी काय होते?’’

मध्यंतरापूर्वी पाच मिनिटे वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत तो तरुण माईकविना गात राहिला आणि आमची सारी यंत्रसामग्री मुकाट उभी राहिली.

तिकिटांतून मुद्रणाची उरलेली रक्कम चुकती झाली. भोंगे आजही सप्ताहाला भाड्याने जातात, त्यांची वही वेगळी आहे. दिवाळीनंतर बीडच्या दोन बहिणींचे काम सुरू होत असून त्यांना ड्रमऐवजी संबळ हवे असल्याने खोलीची मांडणी पुन्हा बदलावी लागणार आहे.