कुरडईचा चीक आणि आमचं वर्ट

चैत्रात गंगापूरला आत्याकडे कुरडया घालायला गेले होते. तीन दिवस भिजलेला गहू वाटून, गाळून चीक चुलीवर चढला होता. हाटता हाटता आत्या म्हणाली, "वाळूजच्या त्या बिअरच्या कंपनीत तू करतीस तरी काय गं?"

मी तिथं लॅबमध्ये आहे. मॅश, वर्ट, पिचिंग हे शब्द पहिल्या महिन्यात मलाही अवघड गेले होते. आत्याला सांगायला समोरचं पातेलंच पुरलं.

चमचाभर चीक बशीत गार केला, त्यात टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला. निळाकाळा रंग आला. म्हणजे यात स्टार्च आहे. बिअरमधलं अल्कोहोल यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी करते. यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर लागते. म्हणून आम्ही बार्ली घेतो, तीही मटकीसारखी मोड आणलेली. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. मग ती गरम हवेत वाळवली की झाला माल्ट. जास्त भाजला तर बिअर काळपट होते.

माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, हा मॅश. एन्झाइम तिथं स्टार्चची साखर करतात. पाणी फार तापलं तर एन्झाइमच मरतात, मग कितीही वेळ थांबा, उपयोग नाही. म्हणून मी मॅशचा थेंब काढून त्यावर आयोडिन टाकते. निळं झालं नाही की जीव भांड्यात पडतो.

गाळून निघतं ते गोड पाणी म्हणजे वर्ट. चोथा जनावरांना जातो. वर्ट उकळताना हॉप्स घालतात. ही एका वेलीची फुलं, कडवटपणा त्यांचाच. तो आयबीयू या कडवटपणाच्या एककात मोजतात. नंतर वर्ट गार करून यीस्ट सोडायचं, त्याला पिचिंग म्हणतात.

"म्हणजे विरजण लावणं," आत्या म्हणाली. "तापल्या दुधाला लावलं तर नासतं."

अगदी तेच. एल आणि लागर हे बिअरचे दोन प्रकार. एलचं यीस्ट २० अंशांच्या आसपास काम करतं, लागरचं १० च्या आसपास आणि सावकाश. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलिंग बंद पडून कसं चालेल?

पाण्याची घनता १.००० धरतात. वर्ट साखरेमुळे जड असतं, यीस्टनं साखर खाल्ली की हलकं होतं. ते १.०५० वरून १.०१० वर आलं तर अल्कोहोल सुमारे सव्वापाच टक्के. बाटलीवर एबीव्ही म्हणून छापतात तो हाच आकडा.

"ज्वारीची होती का गं?" आत्यानं शेवटी विचारलं. होते. दक्षिण आफ्रिकेत मोड आणलेल्या ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या करतात. आत्यानं कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्याकडे पाहिलं आणि सोऱ्या माझ्या हातात दिला.