बोटाला शाई नाही, अध्यक्षाला सत्ता नाही

"बोट दाखव," आण्णा म्हणाले.

मी डाव्या हाताची तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली. कोरी करकरीत.

"मग मत दिलंस हे कशावरून?"

१ मे २०२५. आण्णा नुकतेच ध्वजवंदनाहून आले होते, टोपी अजून डोक्यावरच होती. इकडे इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला, मी सात वाजता मतदान केंद्र उघडल्या उघडल्या मत देऊन आले होते. केंद्र म्हणजे चर्चच्या बाजूचा हॉल. एका कोपऱ्यात लहान मुलांची खेळणी ढकलून ठेवलेली, मध्ये दोन टेबलं. बाईंनी यादीवर पट्टी ठेवून माझं नाव शोधलं, ओळखपत्र मागितलं, आणि मी काढला माझा भारतीय पासपोर्ट. तो चालतो. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना मतदानाचा हक्क आहे, आणि ओळख पटवायला त्यांचा पासपोर्टही मान्य आहे. मला हे इथे येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं.

मतपत्रिका कागदाची. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने आपल्या उमेदवारापुढे फुली मारायची. शाळेत ज्या खुणेने माझी गणितं चुकीची ठरली, तीच खूण इथे पसंतीची. पहिल्या वेळी माझा हात अडला होता.

निवडणूक होती हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलची. आण्णा एका जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागातून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं लिहिण्यात हयात गेली. त्यामुळे काउंटी कौन्सिल म्हणजे काय हे त्यांना सांगायला मला एकच शब्द पुरला: झेडपी. पुढचा तासभर मात्र त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली.

गट, म्हणजे मतदारसंघ, किती? ७८. प्रत्येकी एक सदस्य, मुदत चार वर्षं, ज्याला जास्त मतं तो आला. आरक्षण? नाही. सोडत? नाही. "म्हणजे निम्मी भांडणं कमी," आण्णा म्हणाले. खाली पंचायत समिती? तशी नाही, पण जिल्ह्यात दहा बरो नि डिस्ट्रिक्ट कौन्सिलं आहेत, त्यांच्या निवडणुका वेगळ्या. आमच्या वॉटफर्डला तर २००२ पासून महापौर थेट लोकांतून निवडून येतो. शाळा, रस्ते, वाचनालयं, अग्निशमन, म्हाताऱ्यांची आणि निराधार मुलांची देखभाल काउंटीकडे. घरबांधणी आणि बांधकाम परवानगी बरोकडे. कचऱ्याची गंमत अशी की दारातून उचलतो बरो आणि विल्हेवाट लावते काउंटी. मी एकदा रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार बरोकडे केली होती, तेव्हा "हा रस्ता काउंटीचा" असं नम्र उत्तर आलं. आण्णा खूश. "हे आमच्यासारखंच. रस्ता झेडपीचा की पीडब्ल्यूडीचा, यावर मी नोकरीची दहा वर्षं काढली."

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. लिबरल डेमोक्रॅट ३१, हुजूर पक्ष २२, रिफॉर्म यूके १४, उरलेल्या ११ जागा ग्रीन, मजूर पक्ष आणि एक अपक्ष यांच्यात. आदल्या, म्हणजे २०२१ च्या खेपेला हुजूर पक्षाच्या ४६ होत्या. बहुमताला ४० लागतात. कुणाकडेच नाहीत.

आण्णा एकदम सावरून बसले. हा त्यांचा प्रांत. "सदस्यांना कुठे नेलं?"

"कुठे म्हणजे?"

"अगं, सहलीला. गोवा, महाबळेश्वर... तुमच्याकडे काय असतं?"

कुणी कुठे गेलं नव्हतं. सगळे आपापल्या घरी होते. मे महिन्यातल्या वार्षिक सभेत लिबरल डेमोक्रॅट गटाचे स्टीव्ह जार्विस कौन्सिलचे नेते झाले आणि ३१ जणांवर त्यांचा अल्पमतातला कारभार सुरू झाला. आण्णांचा यावर विश्वास बसायला आठवडा लागला. अजूनही पूर्ण बसलेला नाही.

खरी अडचण पुढे होती. आण्णा विचारत, अध्यक्ष कोण? मी नेत्याचं नाव सांगे. मग एकदा मी सभेचं थेट प्रक्षेपण लावून त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. वरच्या आसनावर गळ्यात साखळी घालून भलतीच व्यक्ती बसलेली. "हा कोण?" अध्यक्ष. "मग नेता?" तो खाली, सदस्यांत. अध्यक्षही वार्षिक सभेतच निवडला जातो, वर्षभरासाठी. सभा चालवतो, समारंभांना जातो, सम-समान मतं पडली तर निर्णायक मत देतो. निधी, टेंडर, खाती यातलं काही त्याच्या हातात नाही.

"लाल दिवा तरी?"

"नाही आण्णा, साखळी."

सत्ता नेत्याकडे. तो आपलं मंत्रिमंडळ स्वतः नेमतो. कायद्याने त्याच्यासह जास्तीत जास्त दहा जण. शिक्षण एकाकडे, रस्ते दुसऱ्याकडे. आपल्याकडे विषय समितीत सगळ्या पक्षांचे सदस्य असतात आणि सभापती निवडून यावा लागतो. इथे बाकीच्या सदस्यांच्या वाट्याला येतात छाननी समित्या: झालेला निर्णय परत मागवा, प्रश्न विचारा, फेरविचार करा म्हणा. रद्द मात्र करता येत नाही. मला ही व्यवस्था फारशी पटत नाही. निवडून आलेल्या ७८ पैकी बहुतेकांनी वर्षभर नुसतं विचारतच राहायचं?

पण हे असं फक्त २००० सालच्या कायद्यानंतर. त्याआधी इथेही समित्यांचाच कारभार होता. शेजारच्या केंब्रिजशायरने तर २०१४ मध्ये समित्या परत आणल्या. हे ऐकून आण्णांनी मांडीवर थाप मारली. त्याहून जुनं काढलं तर आणखी गंमत. १८८८ च्या कायद्याने या कौन्सिली जन्मल्या, जानेवारी १८८९ मध्ये पहिली निवडणूक. त्याआधी जिल्ह्याचा कारभार सरकारने नेमलेले न्यायदंडाधिकारी बघत. नव्या कौन्सिलींत निवडून आलेले सदस्य स्वतःच आल्डरमन नावाचे काही जादा सदस्य निवडून घेत, ते थेट १९७४ पर्यंत. "स्वीकृत सदस्य!" आण्णा म्हणाले. "पडलेल्यांची सोय."

पैशाचं मात्र इथलं वेगळं. आपल्याकडे सेस फंड, म्हणजे स्वतःचं उत्पन्न, सोडला तर झेडपीचं तोंड कायम मंत्रालयाकडे. इथे काउंटी स्वतःचा कर ठरवते. दरवर्षी बरोकडून घरपट्टीसारखं एकच बिल येतं, त्यात काउंटीचा आकडा सर्वांत मोठा, खाली बरो आणि पोलीस. दर ठरवायची सभा फेब्रुवारीत, आणि खर्च-जमेचा मेळ बसलाच पाहिजे ही कायद्याची सक्ती. वाढ पाच टक्के किंवा जास्त झाली तर लोकांचं मत घ्यावं लागतं, म्हणून बऱ्याच काउंट्या ४.९९ वर थांबतात. चपलेच्या दुकानात ९९९ रुपये लिहितात तसं.

प्रक्षेपणात आण्णांना सर्वांत काय आवडलं असेल? विषय क्रमांक एक संपल्यावर ते फोनमध्ये ओरडले, "इतिवृत्त कायम केलं! वाचलं पण नाही!"

आमच्या मतदानानंतर पाचच दिवसांनी, ६ मेला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितलं. बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक होते. आण्णांनी वर्तमानपत्राचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, ही तारीख ते दर वर्षी न चुकता मला सांगतात. त्या वर्षी सांगितली नव्हती.

मग मीही माझी बातमी सांगितली. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या सरकारने ठरवलं की हे दुहेरी प्रकरण संपवायचं. काउंटीही जाणार, दहाही बरो-डिस्ट्रिक्ट जाणार, त्यांच्या जागी मोजकीच मोठी कौन्सिलं. वेळापत्रकाप्रमाणे एप्रिल २०२८ पासून. म्हणजे मी ज्यांना निवडलं ते बहुधा हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलचे शेवटचे सदस्य.

आण्णा बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं फोन कट झाला.

"एकशे चाळीस वर्षांचं दप्तर," ते म्हणाले. "कुणाच्या ताब्यात देणार? यादी केलीय का कुणी?"