कंसातील नाव

कुंडीतील माती फार दिवस ओली राहिली की तिच्यावर काळपट, किडकिडीत चिलटे घोंघावू लागतात आणि हात झटकण्यापलीकडे त्यांची कोणी दखल घेत नाही. बुरशीवर पोसणाऱ्या या चिलटांच्या अफाट गोतावळ्यातच अरॅक्नोकॅम्पा ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) येते. न्यूझीलंडमधील वाइटोमोच्या गुहांत पर्यटक नावेत बसून, माना वर करून छतावरचे जे निळसर-हिरवे ठिपके पाहत राहतात, ते तिच्याच अळ्यांचे दिवे होत.

बुरशीशी मात्र या अळीचे काही देणेघेणे नाही. ती छताला रेशमी नळी विणून तीत राहते, चिकट थेंब ओवलेले धागे खाली सोडते आणि उजेडाला भुलून आलेले कीटक त्यांत अडकले की धागा वर ओढून त्यांचा फडशा पाडते. हा उजेड निघतो तो उत्सर्जनाच्या नलिकांच्या टोकांतून. सौंदर्याच्या उगमस्थानाविषयी फार चौकशी करू नये हेच खरे. प्रौढ कीटकाला खाण्याजोगे मुखांगच नसते, त्यामुळे वीण उरकून तो काही दिवसांतच मरतो.

अशा प्राण्याला कोठे बसवावे, हा प्रश्न सोपा नव्हता. १८८६ मध्ये कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड मेरिक यांना ही भुंगेऱ्याची अळी वाटली आणि त्यात नवल नाही, कारण पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडे उजळून टाकणारे आपले काजवेही भुंगेऱ्यांच्याच गणातले आहेत. अळीतून दोन पंखांचे चिलट बाहेर पडते, हे दाखवून देण्यात जॉर्ज हडसन यांचा मोठा वाटा होता. उन्हाळ्यात घड्याळे पुढे करावीत असे पुढे सुचवणारे हडसन ते हेच. १८९१ मध्ये स्क्यूज यांनी तिला बोलिटोफिला लुमिनोसा म्हटले, तर १९२४ मध्ये एडवर्ड्स यांनी तिच्यासाठी अरॅक्नोकॅम्पा ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. जाती दुसऱ्या प्रजातीत गेली की तिला पहिले नाव देणाऱ्याचे नाव कंसात जाते, म्हणून तेव्हापासून शास्त्रीय नावापुढे स्क्यूज यांचे नाव कंसात लिहिले जाते. सातबाऱ्यावर फेरफार झाल्यावर जुन्या मालकाचे नाव कंसात जाते तसाच हा प्रकार, फक्त येथे कंसातल्या माणसाचा मान कायम राहतो.

कुलाच्या पातळीवरही असाच फेरफार झाला. पूर्वी मायसेटोफिलिडी या ऐसपैस कुलात गणली जाणारी ही प्रजाती आता केरोप्लॅटिडी कुलात आहे. नाते ठरवताना उजेड मात्र कुचकामी ठरतो: अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगरांतली ऑर्फेलिया याच कुलातली आणि तीही चमकते, पण तिचा दिवा निराळ्याच अवयवात असतो. मला या वर्गीकरणातला सर्वांत रंजक भाग ऑस्ट्रेलियातला वाटतो. न्यूझीलंडमध्ये या प्रजातीची एकच जाती असून बाकीच्या सगळ्या तिकडच्या आहेत. २०१० मध्ये कीटकशास्त्रज्ञ क्लेअर बेकर यांनी त्यांची उपप्रजातींत (प्रजातीतल्या लहान गटांत) विभागणी केली, तेव्हा व्हिक्टोरियातील माउंट बफेलोवरच्या जातीला मुख्य भूमीवरच्या शेजारणींऐवजी समुद्रापलीकडच्या टास्मानियातील जातीबरोबर एका घरात जागा मिळाली.