आतल्या रांगेतले रोल

शेठजींना आधीपासून माहीत होतं की नव्हतं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पार्टी नांदेडची, कापडाच्या धंद्यातली दुसरी पिढी. आमच्या ऑफिसातल्या पडद्याला नुसता अंगठा लावून "सुरतचा माल, पॉलिस्टर" असं सांगणारा माणूस.

मी संभाजीनगरात एका कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे आयातदारांच्या वतीनं माल सोडवून देणाऱ्याकडे, जी-कार्डवर (कस्टम्सनं दिलेल्या ओळखपत्रावर) काम करते. कंटेनर न्हावाशेव्याला उतरून आमच्याकडच्या ड्राय पोर्टला, म्हणजे कस्टम्सची सोय असलेल्या कंटेनर डेपोला येतो, आम्ही बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) भरतो, कागद ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन यंत्रणेवर चढवतो. 2020 पासून ड्युटीची आकारणी फेसलेस झाली. म्हणजे माल इथं आणि बिल तपासणारा अधिकारी देशात कुठंतरी. त्याचं नाव कळत नाही, त्याला कापड दिसत नाही. लाचखोरीला आळा बसला म्हणतात, बसलाही असेल. पण ज्यानं रोल पाहिलेला नाही त्याला कापड शब्दांत समजावताना आमचा जीव जातो.

आणि कापड ही शब्दांत सांगायला महाकठीण चीज आहे. धागा कोणता, फिलामेंट (अखंड तंतू) की स्टेपल (आखूड तंतू कातलेला), कशाचे किती टक्के, रंगवलेलं की छापील, रुंदी, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), आणि सगळ्यात आधी मागावरचं की होजिअरी (टाके गुंफून विणलेलं), एवढं इन्व्हॉइसवर यायला हवं. बऱ्याच कापडांवर ड्युटी "किमतीच्या इतके टक्के किंवा चौरस मीटरला इतके रुपये, जे जास्त असेल ते" अशी असते. सप्लायर बिल किलोत पाठवतो. मग वजनाला जीएसएमनं भागून आम्ही चौरस मीटर काढत बसायचं. त्यात जीएसएम खोटा असला की सगळंच मुसळ केरात.

या मालाच्या इन्व्हॉइसवर होतं फक्त "पॉलिस्टर फॅब्रिक, डाइड". भाव किलोला 2.1 डॉलर. शेठजी म्हणाले, मागावरचं आहे, 5407 मध्ये टाका. 5407 म्हणजे कृत्रिम फिलामेंटच्या मागावरच्या कापडाचा कस्टम्समधला क्रमांक. मला खटकला तो अ‍ॅझोचा दाखला. बंदी असलेले अ‍ॅझो रंग कापडात नाहीत, असं निर्यातदार देशातल्या मान्यताप्राप्त लॅबचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर नमुने काढून इथं तपासणी, आणि तोवर माल पडून. सगळे त्यातला "पास" तेवढा बघतात. मी नमुन्याच्या फोटोचं पान बघते. फोटोखाली बारीक अक्षरात होतं, "निटेड", म्हणजे होजिअरी.

हा फरक साधा नाही. मार्च 2024 पासून कृत्रिम धाग्याच्या काही होजिअरी कापडांना किमान आयात किंमत लागली, किलोला 3.5 डॉलर. त्याच्या खाली आलं तर माल थेट प्रतिबंधित. 5407 ला ती अट नाही.

फोन केला.

"शेठ, लॅबवाले होजिअरी म्हणतायत."

"आवो ताई, त्यांची छपाई चुकली आसंल. म्या काय चीनला जाऊन बघायलो का?"

"मग फर्स्ट चेक मागू. आधी माल उघडून बघतील, मग आकारणी."

"म्हंजे आजून चार दिस भाडं! तुमी बिल भरा वो. उशीर झाला तर तीन दिवस रोज पाच हजार आन् फुडं रोज दहा हजार, तुमीच सांगितलाव ना?"

सांगितलं होतं खरं, आणि आकडा बरोबर पाठ होता. साहेब म्हणाले, जुनी पार्टी आहे, सांभाळून घे. सांभाळून घे हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महाग शब्द. ब्रोकरनं पार्टीला नियम सांगायचा आणि ऐकत नसेल तर कस्टम्सला कळवायचं, हे 2018 च्या नियमावलीत स्पष्ट आहे, आणि लायसन्स जातं ते आमचं. मी शेठजींना तेच ईमेलवर लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं, "ओके फर्स्ट चेक". बाकी एक अक्षर नाही.

तपासणीला ते स्वतः आले, नांदेडहून पहाटे निघून. दार उघडलं. पहिल्या दोन रांगांतले रोल मागावरचे, स्वच्छ. इन्स्पेक्टर तरुण होता, पण आळशी नव्हता. हमालांना म्हणाला, आतला काढा. आतला रोल आला. त्यानं कोपरा कापला, भिंग लावलं, मग सुईनं कडेचा धागा ओढला. मागावरच्या कापडाचा धागा सरळ निघून येतो. इथं एकेक टाका सुटत गेला आणि कापड कडेनं गुंडाळलं.

मी मात्र शेठजींकडे बघत होते. इन्स्पेक्टरनं भिंग काढायच्या आधीच त्यांनी कोपरा दोन बोटांत धरून एकदा ताणला होता आणि सोडून दिला होता. चेहरा उतरला, हे नक्की. पण फसवला गेलेला माणूस सप्लायरला चार शिव्या तरी घालतो. हे गप्प होते. आणि ठाऊक असणारा माणूस पहाटे उठून तपासणीला स्वतः येईल का? तसा, येईलही.

नमुने सील होऊन वस्त्रोद्योग समितीच्या लॅबला गेले, अहवाल अपेक्षेप्रमाणे आला. मागावरचा माल ड्युटी भरून सुटला. होजिअरीचा माल सुटला तो दंड भरून परत पाठवण्याच्या अटीवर. कंटेनरचं भाडं, जागेचं भाडं, दंड मिळून त्या सौद्यात शेठजींना काही उरलं नसणार. बाजारात ते सांगतात, मॅडमनी माल अडकवला. फर्स्ट चेक मागितला नसता आणि नंतर पकडलं असतं तर चुकीच्या घोषणेखाली किती लागलं असतं, ते कोणी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचाच नवा इन्व्हॉइस मेलवर आला. सप्लायर तोच. वर्णन या वेळी अगदी नीट: निटेड, शंभर टक्के पॉलिस्टर, रुंदी, जीएसएम, सगळं जागच्या जागी. भाव किलोला 3.52 डॉलर. मी साहेबांना फॉरवर्ड केला आणि शेठजींकडे बँकेतून पैसे पाठवल्याची पावती मागितली. "पाठवतो ताई" म्हणालेत.