दुपारी बारा ते तीन

आमच्या घरातून हायवेला लागायचं तर टायलर्सव्हिल रोडवरून जावं लागतं, आणि त्या रस्त्यावर एक मनोरा आहे. पत्त्यातला चौकट उभा करून ठेवावा तसा: वर निमुळता, मधे रुंद, खाली पुन्हा निमुळता, आणि सातशे फुटांहून उंच असलेला तो अख्खा डोलारा चिनीमातीच्या एका इन्सुलेटरवर टेकलेला. नवीन आलेले पाहुणे हमखास विचारतात, हे काय? हे डब्ल्यूएलडब्ल्यू, सिनसिनाटीचं रेडिओ केंद्र, ७०० ए.एम. आज तिथून पन्नास हजार वॉटवर प्रसारण होतं, आणि अमेरिकेत ए.एम.ला त्याहून जास्त परवानगीच नाही. पण १९३४ पासून पाच वर्षं हेच केंद्र पाच लाख वॉटवर चालत होतं. त्या काळात आसपासच्या लोकांना म्हणे पत्र्याच्या पन्हाळीतून आणि पलंगाच्या स्प्रिंगमधून गाणी ऐकू यायची. खरंखोटं तो मनोरा जाणे.

मी ओहायोत आले २०१२ साली, नवऱ्यामागून. चार वर्षं घरी बसल्यावर नोकरीचा परवाना मिळाला आणि सिडनीजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीत लागले. (हे सिडनी ओहायोतलं. सांगलीत आईला अजून वाटतं मी ऑस्ट्रेलियात कामाला जाते.) दुपारची पाळी, आय-७५ वरून सव्वा तास उत्तरेला. जाताना सूर्य डोक्यावर, दोन्ही बाजूंना मका नाहीतर सोयाबीन, आणि गाडी इतकी जुनी की सी.डी. अडकलेली. राहिला रेडिओ. बटण दाबत गेले आणि ५५० वर एक माणूस सापडला. तो बोलतच होता. पाहुणा नाही, गाणं नाही, समोर कोणी नाही. बारा ते तीन.

तो रश लिंबॉ, उजव्या मतांचा रेडिओ निवेदक. नाव तुम्ही ऐकलं असेल किंवा नसेल, पण अमेरिकेचं आजचं राजकारण कुठे शिजलं असं मला कोणी विचारलं तर मी वॉशिंग्टन नाही सांगणार, दुपारचा हा रेडिओ सांगेन.

आपल्याकडे हे समजायला थोडं कठीण आहे. मी वाढले ती आकाशवाणीवर. सकाळी सात-पाचला पुण्याहून सुधा नरवणे बातम्या द्यायच्या, बाबा दाढी अर्धी ठेवून ऐकायचे. रेडिओवर कोणी सरकारला शिव्या देतंय ही कल्पनाच नव्हती. आजही आपल्या खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. त्यामुळे रेडिओ म्हटला की आपल्याला एक तर सरकारी गंभीर आवाज आठवतो, नाहीतर आर.जे.ची बडबड. लिंबॉ यातलं काहीच नव्हता. गावच्या सलूनमध्ये एक जण मोठ्याने पेपर वाचतो आणि दर दोन ओळींनी थांबून त्याची पिसं काढतो ना, तो होता. शब्दशः. माइकजवळ कागदांचा खळखळाट करायचा, टेबलावर थापा मारायचा. वाचायचा काय, तर न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट. आणि दिवसभर शिव्याही त्यांनाच. ही गोष्ट मला लक्षात यायला काही महिने लागले: ज्या वृत्तपत्रांवर विश्वास ठेवू नका म्हणून तो ओरडत होता, ती सकाळी छापून आली नसती तर दुपारी त्याच्याकडे बोलायला काही उरलं नसतं.

पहिल्या आठवड्यात मी वैतागून बंद केलं. स्त्रीवाद्यांना नाझींची शेपटी जोडून त्याने एक शब्द रुळवला होता, तो कानावर पडला. दुसऱ्या आठवड्यात परत लावलं. का, याचं सरळ उत्तर असं की तो कंटाळवाणा नव्हता. विनोदाची वेळ अचूक, विराम अचूक. अर्धा मेंदू पाठीशी बांधून बोलतो म्हणायचा, म्हणजे समोरच्यांना बरोबरीची संधी मिळावी! पुढे कळलं की २००१ मध्ये हा माणूस जवळजवळ ठार बहिरा झाला होता आणि कानाच्या आत यंत्र बसवून काम करत होता. रेडिओवाला, आणि बहिरा. त्या माहितीनंतर मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागले, मतं काही पटली नाहीत तरी.

हे सगळं सुरू कसं झालं, तर एक नियम गेला म्हणून. १९४९ पासून इथे केंद्रांवर बंधन होतं की वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडायच्या. ऑगस्ट १९८७ मध्ये, रेगन यांच्या काळात, एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने, ते काढून टाकलं. त्याआधी इथल्या संसदेने, काँग्रेसने, तो नियम कायद्यात पक्का करायचा प्रयत्न केला होता, त्यावर रेगननी नकाराधिकार वापरला. वर्षभरातच, १ ऑगस्ट १९८८ ला, लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागला. पण माझ्या मते यात नियमापेक्षा पैशाचा हात मोठा. संगीत तोवर एफ.एम.कडे पळालं होतं, तिथे आवाज स्वच्छ. ए.एम.वाल्यांकडे मोठमोठे मनोरे आणि दुपारी लावायला काही नाही. अशा केंद्राला तीन तासांचा कार्यक्रम फुकट मिळाला, बदल्यात फक्त काही मिनिटांच्या जाहिराती त्यांच्या चालवायच्या. मालक नाही कशाला म्हणेल? स्थानिक माणसाचा पगार वाचला! १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने किती केंद्रं घ्यावीत यावरची देशव्यापी मर्यादा उठवली आणि मग गावोगावी तोच आवाज. उदारमतवाद्यांनी २००४ मध्ये एअर अमेरिका नावाचं आपलं रेडिओ जाळं काढून बघितलं, २०१० मध्ये गुंडाळलं.

आणि त्या जाहिराती! एकदा मी घड्याळ लावून ऐकलं. तासात चाळीस मिनिटंही धड बोलणं होत नव्हतं. सोन्याची नाणी, गुडघेदुखीच्या गोळ्या, थकलेला आयकर सोडवून देणारे, आणि पंचवीस वर्षं टिकणारं जेवण डब्यात. देश बुडतोय असं दहा मिनिटं ऐकवायचं आणि लगेच बुडत्या देशात काय विकत घ्यावं ते सांगायचं. २०१२ मध्ये त्याने कायद्याच्या एका विद्यार्थिनीबद्दल अत्यंत घाण शब्द वापरले, तेव्हा जाहिरातदार पळू लागले आणि त्याने माफी मागितली. एरवी तो माफी मागणाऱ्यातला नव्हे.

राजकारण्यांना ही ताकद आधीच कळली होती. १९९२ मध्ये थोरले बुश त्याला व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला घेऊन गेले आणि राष्ट्राध्यक्षांनी स्वतः त्याची बॅग उचलली. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं, तर नव्या सदस्यांनी लिंबॉला मानद सदस्य करून घेतलं. २००७ मध्ये बुश धाकट्यांचं स्थलांतराचं विधेयक याच मंडळींनी पाडलं, आणि त्यांच्याच पक्षाचे सिनेटर ट्रेंट लॉट वैतागून म्हणाले की देश टॉक रेडिओ चालवतोय. आमच्या सिनसिनाटीचा रेडिओ निवेदक बिल कनिंगहॅम तर २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार मॅकेनच्या सभेत ओबामांचं मधलं नाव, हुसेन, ठासून ठासून घेत राहिला. मॅकेननी जाहीर खेद व्यक्त केला, तर हा उलटा मॅकेनवरच रुसला. उमेदवाराने निवेदकाची मर्जी सांभाळायची, असा तो मामला.

परराष्ट्र धोरणाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त गोंधळात त्यानेच टाकलं. २००३ मध्ये या रेडिओवाल्यांतले बहुतेक इराक युद्धाच्या बाजूने ढोल बडवत होते. इराकमधल्या अबू ग्रैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो आले तेव्हा लिंबॉने ते कॉलेजातल्या रॅगिंगसारखं आहे म्हणून झटकून टाकलं होतं. मी रोज ऐकू लागले तोवर तेच युद्ध चूक होतं असं म्हणणाऱ्या ट्रम्पच्या बाजूने सगळे उभे. युक्रेनच्या वेळी बऱ्याच जणांचा सूर, आपला पैसा तिकडे कशाला. मग जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतांझ, इस्फहानवर हल्ले केले, तर त्याआधीच घरात फूट: रेडिओवाला मार्क लेविन हल्ल्याच्या बाजूने कंठशोष करणारा, आणि टकर कार्लसनसारखे पॉडकास्टवाले त्याला युद्धखोर ठरवणारे. मी तर्क शोधत होते. तो नव्हताच. या रेडिओवर परदेश नावाची जागा नसते. असतं ते घरातलंच भांडण, फक्त गावांची नावं परकी. इराक चांगलं की वाईट हे न्यूयॉर्क टाइम्सने कालच्या अंकात काय लिहिलं त्यावरून ठरायचं.

गंमत म्हणजे त्या मनोऱ्याजवळच, त्याच रस्त्यावर, व्हॉइस ऑफ अमेरिकाचं, म्हणजे परदेशांसाठीच्या सरकारी रेडिओचं, जुनं बेथनी केंद्र आहे. १९४४ मध्ये नाझींना ऐकवण्यासाठी बांधलं, १९९४ पर्यंत चाललं, आता संग्रहालय. सिनसिनाटीच्या खोटारड्यांवर हिटलर चिडायचा असं तिथे सांगतात. एका बाजूला जगाला अमेरिका समजावणारी इमारत, दुसऱ्या बाजूला घरच्यांनाच समजावणारा मनोरा. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने व्हॉइस ऑफ अमेरिकाचा गळाच आवळला, कर्मचारी सक्तीच्या रजेवर. त्या आठवड्यात मी दोन्हींच्या समोरून रोज गेले. मनोऱ्यावरचे लाल दिवे चालू होते.

लिंबॉ गेला १७ फेब्रुवारी २०२१ ला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्याची बायको बोलू लागली आणि मला तिथेच कळलं. कारखान्यात पोचले तर मेंटेनन्समधला आमचा म्हातारा (त्याला मी मनात मामा म्हणते, कारण माझ्या कराडच्या मामासारखा तो प्रत्येक वाक्य 'ऐक' ने सुरू करतो) पार्किंगमध्ये ट्रकमध्येच बसून होता. तीस वर्षं ऐकलं त्याने. बायको गेल्यापासून घरात बोलणारा तोच एक. मी काय बोलणार? कॉफी आणून दिली.

मामाचं आणि माझं पटतं. मीडिया विकलेला आहे यावर तर पटतंच, फक्त कोण कोणाला विकलंय यावर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जांना एक लाख डॉलर शुल्काचा आदेश आला, तेव्हा दुपारचा रेडिओ आमच्यावर होता. आमच्यावर म्हणजे नावानिशी आमच्यावर: भारतातून येतात, स्वस्तात राबतात, आमच्या पोरांच्या नोकऱ्या खातात. माझा दीर त्या शनिवारी पुण्यात, अर्धवट सुट्टीत, तिकिटं शोधत; मग खुलासा आला की जुन्यांना लागू नाही. माझा परवाना तर नवऱ्याच्या एच-१बीच्या शेपटाला बांधलेला. इतकी वर्षं मी हे सगळं नाटक बघावं तसं ऐकत होते. त्या दिवशी डेटनच्या पुलाखाली आवाज खरखरला आणि मला बरं वाटलं. मामाला विचारलं, तुला पटतं हे? तो म्हणाला, ऐक, ते तुझ्याबद्दल नाही बोलत. मग कोणाबद्दल, ते त्याला सांगता येईना.

तेव्हा ठरवलं, फोन करायचा. विषय भारताचा आला की. आलाच: रशियाचं तेल घेतो म्हणून आपल्यावर तेव्हा आणखी पंचवीस, मिळून पन्नास टक्के आयातशुल्क लागलं होतं, आणि स्थानिक कार्यक्रमात एक जण भारताने पुतिनचा खजिना भरला म्हणून तापलेला. सुट्टी होती, कारखान्यात फक्त एक मोजमाप बघायचं होतं. पार्किंगमध्ये गाडी लावून नंबर फिरवला. आधी स्क्रीनर, म्हणजे कोणाचा फोन पुढे सोडायचा ते ठरवणारा, उचलतो. नाव, गाव, रेडिओ बंद कर कारण हवेत काही सेकंद उशीर असतो, आणि मुद्दा एका वाक्यात. मी घोकलेलं वाक्य म्हटलं: भारताने हे तेल घ्यावं असंच आम्हाला हवं होतं, हे तुमच्याच राजदूताने २०२४ मध्ये सांगितलं होतं. थांब म्हणाला. थांबले. होल्डवर कार्यक्रमच ऐकू येतो, जाहिरातींसकट. सोनं, गुडघे, डब्यातलं जेवण. बावीस मिनिटांनी तासाच्या बातम्या लागल्या आणि लाइन गेली.

मामा काचेवर टकटक करत होता. त्याला विचारलं, तुला सांगू का मग? म्हणाला, सांग. चीन जास्त तेल घेतो इथपासून भाव चढू नयेत म्हणून काय ठरलं होतं इथपर्यंत सगळं सांगितलं, पाच-सहा मिनिटं. एकदाही मधे 'ऐक' म्हणाला नाही. मग टोपी सारखी करत म्हणाला, "बरं झालं लागला नाही. फार लांबलं असतं."